लेकीची पहिली नोकरी: पाणलोटाच्या गावात की जिल्ह्याच्या कार्यालयात?

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. माण तालुक्यातल्या तुमच्या गावात 2012 साली पाणलोटाचा, म्हणजे ओढ्याकडे येणारं पावसाचं पाणी माथ्यापासून अडवण्या-मुरवण्याचा, कार्यक्रम आला, बचत गटाकडून तुम्ही पाणलोट समितीवर गेलात आणि अंगणवाडी सांभाळून पाच वर्षं शिवारफेऱ्या केल्यात. पुढे दुसरी योजना आली. तुम्ही लिहिता, "आधी ठराव आमचा असायचा. नंतर एका सकाळी ओढ्यात जेसीबी उतरला तेव्हा आम्हाला कळलं की ओढा खोल करायचा आहे." आता लेक राहुरीला कृषी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका संस्थेनं तिला विचारलंय: महिना 18 हजार, कंत्राटी नेमणूक, मुक्काम गावात. तिचे मामा म्हणतात, परीक्षा दे आणि जिल्ह्याला बस. तुमचा प्रश्न असा: सगळं वरूनच ठरणार असेल तर गावात राबून तिला काय मिळणार? आणि वर जाऊन बसली तर तीही न विचारता जेसीबी पाठवणाऱ्यांतली होणार नाही का?

पहिला प्रश्न मला नेहमी येतो. दुसरा आजवर कोणत्या पालकानं विचारला नव्हता, म्हणून उत्तर जरा लांबवते.

वरून चालणारं पाणलोटाचं काम आपल्याकडे नवीन नाही. 1942 च्या जमीन सुधारणा कायद्यापासून दख्खनच्या पठारावर सरकारनं समपातळी बांध घातले. तांत्रिकदृष्ट्या रेघ बरोबर असायची, कारण ती उताराच्या समपातळीवर आखलेली असायची. पण शेतकऱ्याची हद्द काही समपातळीवर नसते. बांध एकाच्या वावरातून तिरपा जायचा आणि दुसऱ्याच्या वावरात निघायचा. औत फिरवायला अडचण व्हायची, भारी काळ्या रानात बांधालगत पाणी तुंबायचं. अनेकांनी ते बांध नांगरून टाकले. 1972 च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीवर पाझर तलाव झाले, त्यांनी लाखो हातांना काम दिलं, पोटं जगवली. पण काम संपलं की तलाव कुणाचा, गाळ कोण काढणार, याचं उत्तर कुठल्याच कागदावर नव्हतं.

त्याच दुष्काळानंतर विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यातल्या नायगावला गेले. देवस्थानची 40 एकर पडीक जमीन भाड्यानं घेऊन त्यांनी पाणी अडवून दाखवलं आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम तुमच्या लेकीला पाठ असावेत असं मला वाटतं: पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, माणशी, दर माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल एवढं, भूमिहीनालाही वाटा, जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही, आणि ऊस लावायचा नाही. हे नियम मंत्रालयात बसून कुणी काढू शकलं नसतं. काढले असते तरी गावात कुणी पाळले नसते. ते पाळले गेले, कारण पाळणाऱ्यांनीच ते मान्य केले होते.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, म्हणजे गावाकडेच सगळं द्या. मीही पंचविशीत तेच म्हणायचे.

मी 1998 साली एका संस्थेत पाणलोट अभियंता म्हणून लागले. गाव नगर जिल्ह्यातलं, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधलं. सिमेंट बंधाऱ्याची जागा ठरवायची होती. मी ओढा दोनदा चालून एक जागा काढली होती, वरच्या अंगाला, वस्तीच्या विहिरीला पाझर मिळेल अशी. समितीच्या बैठकीत जागा बदलली. नवी जागा खाली होती, तीन मोठ्या बागायतदारांच्या विहिरींना लागून. बैठकीत कुणी विरोध केला नाही. वस्तीवरचा जो एक सदस्य समितीत होता तो गप्प बसला. तो त्यांच्यातल्याच एकाच्या रानात मजुरीला जायचा. मी मनाशी म्हटलं, गावाचा निर्णय आहे, लोकसहभाग याचसाठी असतो, आणि अंदाजपत्रक नव्या जागेचं केलं.

बंधारा उत्तम झाला. पहिल्याच पावसात भरला. त्या तीन विहिरींवर पुढच्या हंगामात नवे पंप बसले. वस्तीच्या बाया मात्र एप्रिलमध्ये पूर्वीसारख्याच डोक्यावर हंडे घेऊन चालत राहिल्या. चराईबंदीही आम्ही त्याच वर्षी लावली होती, त्यामुळे ज्यांच्याकडे चार शेळ्यांशिवाय काही नव्हतं त्यांच्या शेळ्याही विकल्या गेल्या. ती चूक माझी होती, कारण त्या खोलीत पाणी जमिनीखालून कुठे जातं हे सांगू शकणारी मी एकटीच होते आणि मी ते सांगितलं नाही. सभेपुढे माझी मूळ जागा नकाशावर मांडून, दोन्ही जागांमुळे कुणाच्या विहिरीला काय मिळेल हे मोठ्यानं वाचून दाखवणं माझं काम होतं.

म्हणून स्थानिक विरुद्ध केंद्रित या वादात मी आता कुठल्याही एका बाजूला हात वर करत नाही. मी विचारते, नेमका कुठला निर्णय? पाणी कुणाला किती, कुठलं पीक, कुठल्या डोंगरावर चराई कधी बंद आणि ज्यांची गुरं तिथे चरत होती त्यांना बदल्यात काय, हे निर्णय ग्रामसभेचेच. तिथे वरच्यांनी हात घालू नये. पण ओढा शिवेवर थांबत नाही. वरच्या गावानं सगळं पाणी अडवलं तर खालच्या गावाचं काय, याचं उत्तर वरच्या गावाची ग्रामसभा देणार नाही. तिला तो हक्कही नाही. त्यासाठी दोन्ही गावांच्या वर कुणीतरी हवं, ज्याच्याकडे अख्ख्या पाणलोटाचा नकाशा, पर्जन्यमापकाचे आकडे आणि निरीक्षण विहिरींच्या नोंदी आहेत. गावातला दुबळा गप्प बसतो तेव्हा "समितीत निम्मे सदस्य बचत गट, महिला, भूमिहीन, अनुसूचित जाती-जमातींतून हवेत" अशी अट घालणारंही वर कुणी लागतं. तुम्ही समितीवर गेलात त्या अटीमुळे. ती अट केंद्राच्या 2008 च्या मार्गदर्शक सूचनांतली आहे.

या सूचनांचा इतिहास लेकीनं मुळातून वाचावा, मुलाखतीत तो उपयोगी पडेलच. हनुमंत राव समितीनंतर 1995 पासून पाणलोटाचा पैसा थेट गावच्या समितीकडे जाऊ लागला. 2003 मध्ये आलेल्या 'हरियाली' या नव्या सूचनांनी काम ग्रामपंचायतीकडे दिलं. ऐकायला हे जास्त लोकशाहीचं वाटतं, पण सरपंच-ग्रामसेवकाच्या डोक्यावर आधीच पन्नास योजना, त्यात ही एक. 2006 मध्ये पार्थसारथी समितीनं यावर बोट ठेवलं, आणि 2008 च्या सूचनांत ग्रामसभेनं नेमलेली स्वतंत्र पाणलोट समिती परत आली. त्याच वेळी प्रकल्प मोठे झाले, पूर्वी सुटं 500 हेक्टर असायचं तिथे आता समूहानं साधारण 5000. राज्यात या कामांसाठी वसुंधरा यंत्रणा आली, जिल्ह्याला कक्ष आला. म्हणजे एका हातानं गावाला समिती दिली आणि दुसऱ्या हातानं नियोजन वर गेलं. ही ओढाताण तुम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. 2014 च्या अखेरीस राज्यानं जलयुक्त शिवार सुरू केलं. वेगवेगळ्या खात्यांचा पैसा जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली एकत्र आणण्याची कल्पना होती, आणि अनेक गावांत तिच्यामुळे काम वेगानं झालं हे नाकारण्यात अर्थ नाही. पण 2020 मध्ये कॅगचा अहवाल आला तेव्हा गावं पाण्यानं स्वयंपूर्ण होणं आणि भूजल वाढणं या दोन्ही बाबतींत परिणाम फारसा दिसला नाही, असं त्यात नोंदलं गेलं.

मग चांगलं काम कुठे झालं? लोक हिवरे बाजारचं नाव घेतात ते गावाच्या एकीसाठी, आणि ते खरंच आहे. पण नीट पाहा. सुमारे 977 हेक्टरचं ते गाव. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, शेतीसाठी बोअरवेलला बंदी, ऊस आणि केळी नाही, आणि दरवर्षी पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद, हे सगळं गावानं ठरवलं. चर आणि बंधारे मात्र रोजगार हमी आणि आदर्श गाव योजनेच्या पैशांतून झाले, आखणी सरकारी खात्यांच्या माणसांनी करून दिली. नाबार्ड आणि इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातही असंच होतं. गावानं आधी एका छोट्या तुकड्यावर श्रमदान करून दाखवायचं, मगच उरलेल्या पाणलोटासाठी पैसा. आणि नियोजन शेताच्या एकेका गटाचं, नवरा-बायको दोघांना त्यांच्याच बांधावर उभं करून. 2002 मध्ये आंतरराष्ट्रीय अन्न धोरण संशोधन संस्थेनं महाराष्ट्र आणि आंध्रातल्या 86 गावांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लोकसहभागाचे प्रकल्प निव्वळ तांत्रिक प्रकल्पांपेक्षा सरस ठरले, आणि जिथे लोकसंघटन आणि भक्कम तांत्रिक काम दोन्ही होतं ते सगळ्यांत सरस. भूमिहीन आणि शेळ्या-मेंढ्यांवर जगणाऱ्यांच्या वाट्याला मात्र फायद्यापेक्षा झळ जास्त आली, हेही त्यात आहे.

आता लेकीचं.

माझं मत स्पष्ट आहे: पहिली दोन-तीन वर्षं तिनं गावात काढावीत, आणि ती काढताना वर जाण्याची दारं बंद करू नयेत. याला त्याग वगैरे म्हणू नका. डम्पी लेव्हल, म्हणजे जमिनीची उंच-सखल पातळी मोजायचं यंत्र, कशी लावायची हे तिला राहुरीत शिकवलं आहे. चराच्या आखणीवर म्हातारा मेंढपाळ येऊन उभा राहतो तेव्हा त्याच्याशी काय बोलायचं, हे शिकायला गावाशिवाय जागा नाही. एकदा का माणूस पंचवीस-सव्विसाव्या वर्षी कार्यालयात स्थिरावला, की मोजमाप पुस्तिका, तांत्रिक मंजुरी आणि मार्चअखेरचा खर्च यांतून त्याला शिवारात यायला वेळ मिळत नाही. चांगली माणसंही त्यात अडकतात. तुमच्या ओढ्यात जेसीबी पाठवणारा अधिकारी वाईट असेलच असं नाही. कदाचित त्याला कुणी कधी शिवारफेरीला नेलंच नसेल.

मात्र संस्थेला होय म्हणण्याआधी तिनं तिथे जाऊन काही गोष्टी विचाराव्यात, संकोच न करता. प्रकल्पाचा पैसा कुणाचा आणि किती वर्षांचा? नेमणुकीचं पत्र किती महिन्यांचं? अकरा-अकरा महिन्यांचे आदेश या क्षेत्रात सर्रास असतात. भविष्य निर्वाह निधी कापतात का? गाडीचा खर्च, विमा? रात्रीच्या ग्रामसभेनंतर एकटीनं दुचाकीवर परतायचं असेल तर संस्थेची काय व्यवस्था आहे? हा शेवटचा प्रश्न विचारायला मुली कचरतात. विचारायलाच हवा, आणि समोरच्यानं तो कसा घेतला यावरून संस्था कळते. केंद्राच्या सूचनांनुसार पाणलोट विकास पथकात निदान चार तज्ज्ञ असावेत आणि त्यांत एक तरी स्त्री असावी. म्हणून तिला घेण्यात संस्थेलाही गरज आहे, उपकार नाहीत. एक काम याच्याही आधी: संस्थेनं पाच-सात वर्षांपूर्वी सोडलेल्या एखाद्या गावात न कळवता जाऊन यावं. बंधाऱ्यात गाळ किती आहे, कामांच्या देखभालीसाठी ठेवलेल्या पाणलोट विकास निधीचं बँक पुस्तक कुणाकडे आहे, शेवटची नोंद कधीची आहे. वार्षिक अहवालातले फोटो पाहण्यापेक्षा हे जास्त सांगेल.

पगाराबद्दल गुळमुळीत बोलत नाही. 18 हजारात गावात राहता येतं, घरी पाठवण्याएवढं उरणार नाही. घरावर कर्ज असेल किंवा धाकट्याचं शिक्षण तिच्यावर अवलंबून असेल, तर माझा सल्ला बदलतो. तसं असेल तर पुन्हा लिहा.

मामांचं म्हणणं चुकीचं नाही, घाईचं आहे. राज्य सेवेत वयाची मर्यादा खुल्या वर्गाला 38 आणि मागासवर्गीयांना 43 आहे. तिच्याकडे वेळ आहे. जाहिराती मात्र दरवर्षी येतीलच असं नाही, म्हणून सगळं सोडून पुण्यात खोली घेऊन चार वर्षं बसण्याच्या मी विरोधात आहे. 2017 मध्ये मृद व जलसंधारण हा वेगळा विभाग झाला, त्याचं आयुक्तालय छत्रपती संभाजीनगरला आहे. पण तिथल्या बहुतेक अभियंता पदांना स्थापत्य अभियांत्रिकी मागतात. तिच्या पदवीला सरळ वाट लोकसेवा आयोगाच्या कृषी सेवेची. प्रत्येक जाहिरातीतली पात्रता तिनं स्वतः वाचावी, क्लासवाल्याच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नये. पुढे शिकायचं मनात आलं तर आयआयटी मुंबईचं ग्रामीण तंत्रज्ञानाचं सितारा केंद्र आणि टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं तुळजापूरचं केंद्र या दोन जागा मला तिच्यासाठी योग्य वाटतात, पहिली तंत्राकडून गावाकडे येणारी, दुसरी गावाकडून धोरणाकडे जाणारी. पण नोकरीनंतर. गावात काम केलेलं मूल तिथे वेगळे प्रश्न घेऊन जातं.

एक गोष्ट तिच्या अभ्यासक्रमात थोडी आणि कामात फार लागते: भूजल. आपल्या बेसाल्टमध्ये मुरूम, मांजऱ्या आणि काळा पाषाण यांचे थर एकाखाली एक असतात, आणि अडवलेलं पाणी कुठल्या विहिरीत निघेल हे ते थर ठरवतात. मला 1998 साली हे जेमतेम कळत होतं. पुण्यात ॲक्वाडॅम ही संस्था यावर प्रशिक्षण देते; भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या तालुक्यातल्या निरीक्षण विहिरींचे आकडेही तिनं मागून बघावेत. ज्या पोरीला ग्रामसभेत उभं राहून "या जागी बंधारा घातला तर या पाच विहिरींना मिळेल, त्या चारांना नाही" असं नकाशावर बोट ठेवून सांगता येतं, तिला वर बसलेलाही टाळू शकत नाही आणि गावचा बागायतदारही. पुढे ती जिल्ह्याला गेली तरी तिचं हे बोट सुटू नये, एवढीच तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर माझी हमी. पदामुळे माणूस गावाला विचारायचं सोडतो, तसं न विचारता ज्याला सहीच करवत नाही असा अधिकारीही मी पाहिला आहे. तो पूर्वी आमच्याच पथकात समाज संघटक होता.

आणि ताई, शेवटच्या वर्षाला तिला प्रकल्प करावा लागेल. विषय शोधायला लांब जाऊ नका. 2012 ते 2017 मध्ये तुमच्या समितीनं जी जी कामं केली, त्यांची यादी तुमच्या डोक्यात आहे. सुट्टीला घरी येईल तेव्हा दोघी मिळून माथ्यापासून पायथ्यापर्यंत चाला. कुठला चर बुजला, कुठल्या बंधाऱ्याखाली पाणी वाहून भगदाड पडलं, ओढा खोल केला तिथे काठ ढासळले का, कोणत्या विहिरीला किती फूट पाणी राहतं, ती नोंदेल. काम कुणाच्या सांगण्यावरून कुठे झालं आणि कोण तेव्हा गप्प बसलं होतं, ते तुम्ही सांगा. समितीचं बँक पुस्तक शोधा. तो अहवाल महाविद्यालयात जाण्याआधी 26 जानेवारीच्या ग्रामसभेत तिनं वाचावा, आणि तेव्हा वस्तीवरच्या बाया सभेला येतील एवढं तुम्ही बघा. सभेत काय झालं ते मला कळवा, मग नोकरीबद्दल पुढचं बोलू.